पुन्हा नीट द्यायची की एमबीबीएससाठी परदेशी जायचं? निकालानंतरच्या सहा आठवड्यांत ठरवायचं कसं

जूनच्या मध्यावर नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा, निकाल लागतो आणि चार दिवसांत घरी दोन फोन येतात. एक क्लासमधून: रिपीटर बॅच सुरू होतेय, या आठवड्यात भरलंत तर फीमध्ये सूट. दुसरा कन्सल्टन्सीचा: यंदाच्या जागा संपत आल्यात, मुलाचा पासपोर्ट तयार आहे ना? दोघांनाही तुमचा निर्णय आठवड्याभरात हवा असतो. राज्याच्या प्रवेश फेऱ्या मात्र त्यानंतर काही महिने चालतात आणि परदेशातली बहुतेक सत्रं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात. जुलैअखेरपर्यंत शांतपणे हिशोब करायला तुमच्याकडे वेळ आहे. तो वेळ कसा वापरायचा, त्यासाठी हा लेख.

सुरुवात एका नियमापासून

परदेशात एमबीबीएस करून भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर नीट पात्र असणं बंधनकारक आहे. पात्र म्हणजे खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल (परीक्षेला बसलेल्या निम्म्या मुलांच्या पुढे) आणि एससी, एसटी, ओबीसींना ४० पर्सेंटाइल. आणि परदेशी प्रवेशासाठी हा निकाल जाहीर झाल्यापासून तीन वर्षं चालतो.

या एका गोष्टीने बराच ताण उतरायला हवा. मुलगी यंदा पात्र ठरली असेल तर तिने एक वर्ष ड्रॉप घेतला (म्हणजे प्रवेश न घेता वर्षभर पुन्हा नीटची तयारी केली) आणि पुढच्या वर्षी पुन्हा सरकारी जागा हुकली, तरी यंदाच्याच निकालावर ती परदेशी जाऊ शकते. म्हणजे ड्रॉप घेतल्याने परदेशाचं दार बंद होत नाही. ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. पात्रताच आली नसेल तर प्रश्न वेगळा: त्या निकालावर परदेशी गेलेल्या मुलाला परत आल्यावर इथे नोंदणी मिळत नाही. ‘नीटशिवाय ॲडमिशन’ ही जाहिरात म्हणूनच धोक्याची. प्रवेश मिळेल, डॉक्टरकी मिळणार नाही.

वयाची वरची मर्यादा आता नाही आणि किती वेळा परीक्षा द्यावी यावरही बंधन नाही. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे एकत्रित ५० टक्के (राखीव गटाला ४०) नसतील, तर आधी बोर्डाची श्रेणीसुधार परीक्षा द्या. तोवर बाकीचा हिशोब निरर्थक आहे.

गुण बाजूला ठेवा, रँक काढा

शेजारच्या मुलाला २०२४ मध्ये ६२० होते आणि तुमच्या मुलाला २०२५ मध्ये ५३०, म्हणून तो मागे पडला असं म्हणता येत नाही. २०२४ मध्ये पहिल्या आलेल्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६. खुल्या गटाची पात्रतेची रेषा त्याच दोन वर्षांत १६२ वरून १४४ वर आली. पेपर अवघड गेला की सगळी शिडीच खाली सरकते. २०२५ ला साधारण २२ लाख मुलं परीक्षेला बसली आणि १२ लाखांहून जास्त पात्र ठरली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र सरकारी, खाजगी, अभिमत (डीम्ड) सगळ्या धरून सव्वा लाखाच्या आसपास. पात्र ठरणं आणि जागा मिळणं यांत एवढं अंतर आहे.

तेव्हा देशपातळीवरची रँक, राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक आणि आपल्या प्रवर्गातला क्रमांक, हे तीन आकडे कागदावर लिहा. मग प्रवेश फेऱ्या घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून मागच्या तीन वर्षांच्या प्रवेश याद्या उतरवून घ्या आणि आपल्या प्रवर्गात शेवटच्या फेरीत शेवटची जागा कोणत्या क्रमांकाला गेली ते बघा. पहिल्या फेरीच्या कट-ऑफवरून निराश होऊन परदेशी पैसे भरणारी कुटुंबं दरवर्षी असतात. शेवटच्या फेरीपर्यंत आकडा बराच खाली येतो.

बघताना फक्त केईएम, सायन, नायर, कूपर आणि जेजे बघू नका. मुंबईतल्या मुलांची ही सवय महागात पडते. सरकारी महाविद्यालयांतल्या राज्याच्या ८५ टक्के जागांमध्ये नंदुरबार, गोंदिया, सिंधुदुर्ग, अलिबाग अशी कितीतरी महाविद्यालयं आहेत. घरापासून लांब आहेत, पण उझबेकिस्तानातल्या ताश्कंदइतकी नाहीत.

एक सापळा इथेच सांगायला हवा. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबर साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. बारावीनंतर ड्रॉपसाठी राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासला गेलात तर काही बिघडत नाही. पण बारावीच राजस्थानातल्या शाळेतून केली असेल तर राज्याचा कोटा हातचा जातो, आणि मग वर्षभर घासूनही स्पर्धा फक्त १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी उरते. दुसरं भावंड अकरावीत असेल तर हे आत्ताच लक्षात ठेवा.

गुण गेले कुठे, ते ओएमआरवर शोधा

‘अजून एक वर्ष दिलं तर वाढेल’ ही आशा झाली. ती खरी आहे का, हे तपासायला एक रविवार लागतो. नीट घेणारी संस्था एनटीए प्रत्येकाला ओएमआरची, म्हणजे गोळे भरलेल्या उत्तरपत्रिकेची, प्रत आणि उत्तरसूची देते. ती छापून घ्या, प्रश्नपत्रिका समोर ठेवा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहा. येत होतं पण गडबड झाली तिथे ‘ग’, धडाच कच्चा होता तिथे ‘क’, तुक्का मारला तिथे ‘त’. न सोडवलेले प्रश्न वेगळे मोजा.

एक उदाहरण घेऊ. १८० पैकी १२६ बरोबर, ४२ चूक, १२ कोरे. बरोबरचे ५०४, चुकीचे उणे ४२, हाती ४६२. आता ४२ चुकांचं विभाजन: ११ ‘ग’, १७ ‘क’, १४ ‘त’.

चूक सुधारली की एका प्रश्नामागे पाच गुण वाढतात, कारण चार मिळतात आणि एक कापायचा राहतो. ११ गडबडींपैकी सरावाने ६ सुटतील असं धरा: ३० गुण. १७ कच्च्या धड्यांतले ८ सुधारतील: ४० गुण. १२ कोऱ्यांपैकी ६ येतील: २४ गुण. एकूण ९४, म्हणजे ५५६ पर्यंत जाण्याची शक्यता. ‘त’च्या ढिगाऱ्यातून वाढ धरू नका. चार पर्यायांतला निव्वळ तुक्का सरासरीने जवळपास शून्यावर येतो, आणि जे तुक्के बरोबर लागले ते तुमच्या १२६ मध्ये आधीच बसलेले आहेत. पुढच्या वर्षी ते लागतीलच असं नाही.

विभाजन काय सांगतं ते नीट वाचा. चुका मुख्यतः ‘ग’च्या असतील आणि भौतिकशास्त्राचे पाच-सहा धडेच कच्चे असतील तर ड्रॉप कामाला येतो. तिन्ही विषयांत ‘क’ पसरलेला असेल, जीवशास्त्रातही (९० प्रश्न, ३६० गुण), तर एका वर्षात तो भरून निघणं अवघड आहे. हे मुलाला टोचेल अशा शब्दांत सांगू नका, पण सांगा. आणि ‘क’ कशामुळे राहिला तेही विचारा. आजारपण, बोर्डाच्या परीक्षेचा ताण, क्लास नीट न मिळणं, ही कारणं दूर होऊ शकतात. विषयच आवडत नसेल तर ते कारण दूर होत नाही.

दुसऱ्यांदा ड्रॉपचा विचार असेल तर दोन्ही वर्षांचे ओएमआर शेजारी ठेवा. रँक ठळकपणे सुधारली असेल आणि जागा थोडक्यात हुकली असेल, तरच दुसरा ड्रॉप. रँक तिथल्या तिथे असेल तर तिसऱ्या प्रयत्नात वेगळं काय होणार, याचं उत्तर घरात कुणाकडे तरी असायला हवं. आमचं स्पष्ट मत: दोन ड्रॉपनंतर थांबावं.

परदेशी जाण्याने परीक्षा टळत नाही

परदेशी एमबीबीएसकडे लोक नीटमधून सुटका म्हणून बघतात. खरं तर परीक्षा पुढे ढकलली जाते, इतकंच. परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांची पात्रता परीक्षा, द्यावी लागते. ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५०, उणे गुण नाहीत, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांत. ऐकायला सोपी वाटते. पण त्यात एमबीबीएसचे सगळे १९ विषय येतात, आणि अलीकडच्या बऱ्याच सत्रांत बसलेल्या पाचांपैकी एकाच्या आसपासच उत्तीर्ण झाले आहेत. नेक्स्ट ही सगळ्याच एमबीबीएस विद्यार्थ्यांसाठी प्रस्तावित असलेली सामायिक परीक्षा लागू झाली तर एफएमजीईची जागा ती घेईल. परीक्षेविना नोंदणी मात्र होणार नाही.

ज्याची नीट पाया कच्चा असल्यामुळे गेली, त्याला तीच उणीव सहा वर्षांनी, चोविशी-पंचविशीत, कर्ज डोक्यावर असताना पुन्हा भेटते. ज्याचा पाया चांगला आहे आणि रँक थोडक्यात हुकली, तो परदेशात टिकतो आणि एफएमजीईही पार करतो. विचित्र वाटेल, पण परदेशी जायला जो जास्त लायक, त्यालाच ड्रॉपचा फायदाही जास्त. म्हणून पहिल्या निकालानंतर आम्ही शक्यतो एक ड्रॉप सुचवतो.

वर्षांचा हिशोबही करा. इथलं एमबीबीएस साडेपाच वर्षांचं, इंटर्नशिप धरून. एक ड्रॉप धरला तर साडेसहा, दोन धरले तर साडेसात. परदेशात बहुतेक ठिकाणी सहा वर्षं, मग एफएमजीईला किमान सहा महिने, मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी, मग इथली १२ महिन्यांची इंटर्नशिप. पहिल्या फटक्यात सगळं जमलं तरी साडेसात वर्षं होतात. इंटर्नशिपच्या जागाही मर्यादित आहेत, त्यामुळे त्यासाठी रांग लागू शकते. ‘ड्रॉपमध्ये वर्ष वाया जातं, परदेशात वाचतं’ हे गणित इथेच कोसळतं.

पैसे: दोन रकाने आखा

आकडे प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे, पण रकाने हेच असू द्या. समजा फी वर्षाला ५,००० डॉलर आणि डॉलर ८५ रुपयांना. सहा वर्षांचे ३०,००० डॉलर, म्हणजे साडेपंचवीस लाख. वसतिगृह, जेवण, विमा महिन्याला १८,००० धरले तर ७२ महिन्यांचे सुमारे १३ लाख. वर्षातून एकदा घरी येणं-जाणं ७०,००० प्रमाणे चार लाख वीस हजार. सुरुवातीचा एजंट, व्हिसा, अपॉस्टिल (परदेशात चालावेत म्हणून कागदपत्रांवर घ्यायचा सरकारी शिक्का) वगैरे दोन लाख. परत आल्यावर एफएमजीईचा क्लास आणि बिनपगारी महिने दीड लाख. बेरीज ४६ लाखांच्या वर जाते. जाहिरातीतलं ‘फक्त २५ लाख’ म्हणजे या रकान्याची पहिली ओळ.

त्यात डॉलर एका जागी थांबत नाही. २०१९ मध्ये तो ७० रुपयांच्या आसपास होता. १५ रुपयांचा फरक ३०,००० डॉलरवर साडेचार लाखांचा होतो.

आता दुसरा रकाना. राज्यातल्या खाजगी महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि प्रत्येक महाविद्यालयाचा आकडा जाहीर असतो. समजा वर्षाला नऊ लाख. फी साडेचार वर्षांची, म्हणजे साडेचाळीस लाख. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर कॅप (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून मिळालेल्या जागेवर शिक्षणशुल्कात ५० टक्के सवलतीची राजर्षी शाहू महाराज योजना आहे. २०२४-२५ पासून त्याच उत्पन्न मर्यादेतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना ही सवलत १०० टक्के झाली. म्हणजे ज्या मुलीला घरचे कर्ज काढून बाहेरच्या देशात पाठवायला निघाले आहेत, तिला इथल्या खाजगी महाविद्यालयात जवळपास बिनफी जागा मिळण्याची शक्यता असू शकते. संस्थात्मक कोट्याला, म्हणजे महाविद्यालयाच्या स्वतःच्या वाट्याच्या जागांना, ही सवलत नाही आणि तिथली फी कित्येक पटींनी जास्त असते. अभिमत विद्यापीठांचं खातं वेगळंच: त्यांचे प्रवेश केंद्राच्या एमसीसी या समितीमार्फत होतात आणि वर्षाची फी २५ लाखांच्या आसपासही जाते.

परदेशी शिष्यवृत्तीच्या भरवशावर राहू नका. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, एमबीबीएससाठी नाही. बँकेचं शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या पुढे गेलं की साधारणतः तारण मागतात, आणि मुंबईत तारण म्हणजे बहुतेकांचं राहतं घर. मूल उत्तीर्ण होऊन कमवायला लागायला आठ-नऊ वर्षं लागली तर हप्ता कोण भरणार, आई-वडील तेव्हा किती वर्षांचे असतील, हे सही करण्याआधी कागदावर लिहा. जुनी करप्रणाली निवडली तर व्याजावर करसवलत मिळते. ती उपयोगी आहे, पण निर्णय तिच्यावर घेऊ नका.

परदेशच ठरत असेल तर: चार ओळींचं पत्र

एनएमसी, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, परदेशी महाविद्यालयांना मान्यता देत नाही आणि अशी मंजूर यादीही काढत नाही. तेव्हा फलकावरच्या ‘एनएमसी मान्यताप्राप्त’ या शब्दांना अर्थ नाही. जागतिक वैद्यकीय महाविद्यालयांच्या निर्देशिकेत नाव असणं ही वेगळी गोष्ट, तेवढ्याने इथली नोंदणी मिळत नाही. १८ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत अटी स्पष्ट आहेत. त्या विद्यापीठाकडून लेखी घ्या, एजंटच्या लेटरहेडवर नको:

१. अभ्यासक्रम इंटर्नशिप सोडून किमान ५४ महिन्यांचा आहे आणि तो पूर्णपणे याच संस्थेत होतो.
२. त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आहे.
३. शिकवणं शेवटपर्यंत इंग्रजीत आहे.
४. ही पदवी घेतलेल्या भारतीय विद्यार्थ्याला त्या देशात तिथल्या नागरिकाइतकाच प्रॅक्टिसचा परवाना मिळू शकतो.

विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा डीन ऑफिसचा ईमेल शोधून स्वतः लिहा. ‘दोन दिवसांत आणून देतो’ म्हणणाऱ्याकडून पत्र घेऊ नका.

प्रत्येक अट कुठे मोडते तेही सांगायला हवं. फिलिपिन्समध्ये आधी बीएस (विज्ञानाची पदवी) आणि मग चार वर्षांची एमडी (तिथली मूळ वैद्यकीय पदवी) अशी रचना आहे. बीएस ही पूर्वतयारी झाली आणि उरलेली चार वर्षं म्हणजे ४८ महिने. काही कॅरिबियन महाविद्यालयं शेवटची वर्षं दुसऱ्या देशातल्या रुग्णालयांत घेतात. सगळं शिक्षण एकाच संस्थेत हवं या अटीत ते बसत नाही. ‘पहिल्या वर्षानंतर दुसऱ्या विद्यापीठात बदली करून देतो’ हे आश्वासनही इथेच अडकतं. रशियन भाषक देशांत काही ठिकाणी पहिली तीन वर्षं इंग्रजीत आणि पुढची स्थानिक भाषेत शिकवतात. वर्ग इंग्रजीत असला तरी वॉर्डातला रुग्ण त्याच्याच भाषेत बोलतो. पोट कुठे दुखतं हे विचारता आलं नाही तर तिसऱ्या वर्षापासूनचं क्लिनिकल शिक्षण नुसतं उभं राहून बघण्याचं होतं, आणि एफएमजीईत नेमके तेच प्रश्न अवघड जातात. त्या देशाची भाषा जाण्याआधी तीन महिने शिकायची तयारी आहे का, हे मुलाला विचारा.

देश बंद पडण्याचा धोकाही हिशोबात धरा. २०२० ते २०२२ चीनच्या सीमा बंद होत्या आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो भारतीय विद्यार्थी परत आले. ऑनलाइन शिकलेल्या अनेकांना इथे वाढीव इंटर्नशिप करावी लागली. सुरुवात केल्यापासून दहा वर्षांत सगळं पूर्ण करण्याची अटही आहेच.

पैसे एकरकमी देऊ नका. विद्यापीठाची फी थेट विद्यापीठाच्या खात्यात बँकेतून पाठवा, एजंटचं सेवाशुल्क वेगळं, पावतीसह. आणि राज्याची शेवटची फेरी होईपर्यंत परत न मिळणारी कोणतीही रक्कम भरू नका. उलट बाजूनेही सावध राहा: शेवटच्या, उरलेल्या जागांच्या स्ट्रे फेरीत जागा मिळून ती नाकारली तर अनामत रक्कम जाते आणि पुढच्या वर्षीच्या नीटला बंदीही येऊ शकते. ड्रॉप पक्का असेल तर त्या फेरीत उगाच पर्याय भरून ठेवू नका. माहितीपुस्तिकेतलं जागा सोडण्याचं प्रकरण तुम्ही आणि मुलाने मिळून वाचा.

ड्रॉप ठरला तर

मुंबईत सगळ्यात जास्त वेळ खाते ती लोकल. डोंबिवलीहून दादरच्या क्लासला जाऊन-येऊन तीन तास, आठवड्याचे सहा दिवस, ४० आठवडे: ७२० तास. तेवढ्यात भौतिकशास्त्र दोनदा होईल. जवळचा साधा क्लास किंवा ऑनलाइन वर्ग, आणि घराजवळची अभ्यासिका, हे नामांकित पण लांबच्या बॅचपेक्षा बऱ्याच मुलांना चांगलं ठरतं. घरात दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहत असतील तर अभ्यासिकेचे पैसे वाचवू नका.

तपासणीच्या तारखा आधीच ठरवा. ऑक्टोबरअखेर ‘क’ धड्यांची पहिली फेरी संपलेली हवी. डिसेंबरमध्ये संपूर्ण अभ्यासक्रमावर तीन चाचण्या, खऱ्या वेळेत, दुपारी दोन ते पाच, ओएमआर कागदावर. तिन्हींची सरासरी मागच्या निकालाच्या आसपासच असेल तर जानेवारीपासून पद्धत बदला. त्याच चाकोरीत मेपर्यंत जाऊ नका. पूर्ण वर्ष मोकळं ठेवायला भीती वाटत असेल तर बीएस्सीला नाव घालून ठेवणं चालतं, पण हजेरीचा नियम आधी विचारा. बीएएमएस, बीडीएस, फिजिओथेरपी हे प्रवेशही नीटवरूनच होतात. त्यांच्याकडे पराभव म्हणून न बघता अभ्यासक्रम वाचून ठरवा.

वर्ष हातात आहे तर कागद पूर्ण करा. जात वैधता प्रमाणपत्र, चालू असलेलं नॉन-क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएस किंवा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, गॅपचं प्रतिज्ञापत्र. गुण पुरेसे असूनही वैधता वेळेत न आल्याने जागा जाते, तेव्हा वर्षभराचा अभ्यास एका कागदापाशी अडतो. पासपोर्टही आताच काढा, परदेशी जायचं नसलं तरी.

आणि मुलाकडे लक्ष असू द्या. झोप उडणं, जेवणावरून मन उठणं, मित्रांचे फोन न घेणं, हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर अभ्यास थांबवून आधी त्याच्याशी बोला. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही, मोफत आहे. ‘यंदा झालंच पाहिजे’ हे वाक्य घरात बोलू नका. दुसरा पर्याय काय आहे ते मुलाला आधीच माहीत असेल तर परीक्षेच्या दिवशी हात थरथरत नाहीत.

जे परदेशी जातील त्यांनी पहिल्या दिवसापासून एक फाइल ठेवावी: प्रवेशपत्र, प्रत्येक वर्षाची फीची पावती, गुणपत्रिका, वसतिगृहाची पावती आणि पासपोर्टवरचा प्रत्येक येण्या-जाण्याचा शिक्का, सगळ्याची स्कॅन प्रत. परतल्यावर तुम्ही खरोखर तिथे राहून शिकलात का, हे त्या शिक्क्यांवरून पडताळलं जातं. मध्येच पासपोर्ट संपून नवा काढला तरी जुना जपून ठेवा.